रोटरी कटर मधेमधे धागे सोडतो: धार लावण्याआधी अंतर मोजा

रोटरी कटरची, म्हणजे गोल फिरत्या ब्लेडने कापड कापायच्या हत्याराची, एक तक्रार नेहमीचीच आहे. पट्टी घट्ट दाबून धरली, कटर एका दमात पुढे नेला आणि कापड उचललं, तर तुकडे वेगळे होतच नाहीत. मधे कुठेतरी दोन-तीन धागे चिकटून राहिलेले असतात. मग त्याच रेषेवर कटर पुन्हा फिरतो, कड फिसकटते, आणि पाव इंचाच्या शिवणीत तो फिसकटलेला भाग पुढे गोधडीचा सगळा ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेला चौकोन, तिरका करतो. इथे बहुतेक जण एक तर ब्लेड टाकून देतात, नाहीतर धार येईल म्हणून ॲल्युमिनियम फॉइल कापत बसतात. दोन्हींच्या आधी पाच मिनिटांचं एक काम आहे: सुटलेल्या धाग्यांमधलं अंतर पट्टीने मोजायचं.

ब्लेड गोल असतं, म्हणून धारेवरची एक खाच प्रत्येक फेऱ्याला एकदाच कापडाला भेटते. ४५ मिलिमीटरच्या ब्लेडचा परीघ १४१ मिलिमीटर भरतो, म्हणजे साधारण साडेपाच इंच. ६० चा १८८, २८ चा ८८ आणि १८ चा जवळपास ५७ मिलिमीटर. एक पदरी, इस्त्री केलेलं, बिनशिवणीचं सुती कापड घ्या, ४५ सेंटिमीटर लांब तरी हवं. ते एकाच दाबाने, न थांबता कापा. तुकडे हळूच बाजूला ओढा आणि जिथे धागे धरून आहेत तिथे पेन्सिलीने टिंब द्या.

४५ च्या ब्लेडने टिंबं दर १४ सेंटिमीटरला पडली तर खाच एकच आहे. कधी पहिलं अंतर ५ सेंटिमीटर, पुढचं ९, मग पुन्हा ५ आणि ९ असं येतं. ती बेरीज १४ च होते, म्हणजे खाचा दोन आहेत. टिंबांऐवजी चार-पाच सेंटिमीटरचे लांब पट्टे सुटत असतील आणि तेही १४ च्या हिशेबात येत असतील, तर धारेचा तेवढा भाग चपटा झाला आहे. रेषाभर सगळीकडेच धागे सुटले तर धार खरंच गेली आहे. अंतराचा काही मेळच लागत नसेल, तर ब्लेडला हात लावू नका. दोष बहुधा दुसरीकडे असतो.

आधी मॅट, म्हणजे कापताना कापडाखाली ठेवायची चटई, बघा. कापड पाच सेंटिमीटर सरकवून पुन्हा कापा. धागे सुटायची जागा कापडाबरोबर सरकली नाही, मॅटवर जिथल्या तिथेच राहिली, तर मॅटला चर पडला आहे. वर्षानुवर्षं त्याच अडीच इंचाच्या रेषेवर पट्ट्या कापल्या की हे होतंच. ब्लेड चरात उतरतं, कापडाखाली आधार उरत नाही, धागा खाली दबतो पण तुटत नाही. शिवाय त्या चरात कापडाचे तंतू दाटून बसतात आणि ब्लेड त्या गादीवरून चालतं. मॅट कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून पंधरा मिनिटं भिजवा, नखं घासायच्या मऊ ब्रशने चराच्या दिशेने घासा, आणि सपाट ठेवूनच वाळवा. गरम पाणी नको, ऊन नको, उभी टेकवून ठेवणंही नको. वाकलेली मॅट पुन्हा सरळ करणं फार जड जातं. चर खोल असेल तर मॅट फिरवून घ्या, म्हणजे कापायची रेषा दुसरीकडे येईल.

आपल्याकडे जमिनीवर बसून कापायची सवय पुष्कळांना आहे. मॅट दोन-तीन मिलिमीटरचीच असते. तिच्याखाली फरशीचा सांधा आला की त्या रेषेवर मॅट किंचित दबते आणि नेमके तिथले धागे राहतात. मॅट एका अख्ख्या फरशीवर तरी बसवा, नाहीतर खाली सपाट प्लायवुडचा तुकडा घाला.

मग कटर उघडा. नट, वायसर, ब्लेड, स्क्रू कोणत्या क्रमाने निघतात आणि वायसरची फुगीर बाजू कुठे आहे, याचा उघडताना मोबाइलवर फोटो काढून ठेवा. वायसर उलटा बसला तर ब्लेडवरचा दाब बदलतो आणि धार कितीही चांगली असली तरी ते डुलतं. ब्लेड आणि संरक्षक कव्हराच्या मधे कापडाचा भुगा जमून त्याचं घट्ट नमदं झालेलं असतं, ते सुकं पुसून काढा. नट पूर्ण आवळा आणि पाव फेरा सैल सोडा. मॅटवरून हलक्या हाताने नेताना ब्लेड फिरलं पाहिजे, पण कटर उचलून हवेत झटकला तर ते भिरभिरता कामा नये. फार आवळलेलं ब्लेड फिरत नाही, घसटतं, आणि ज्या जागी घसटतं ती जागा चपटी होते. मघाचे चार-पाच सेंटिमीटरचे पट्टे बहुतेक वेळा असेच तयार होतात.

नवं ब्लेड बसवल्याबरोबर कापेनासं झालं, तर एक शक्यता हमखास तपासा. पाच किंवा दहाच्या डबीतली ब्लेडं तेलाने एकमेकांना चिकटलेली असतात. एक ब्लेड जेमतेम ०.३ मिलिमीटर जाड असतं, त्यामुळे दोन एकदम बसली तरी बोटाला कळत नाही. दोन धारा एकमेकींना टेकून चालतात आणि एकही नीट कापत नाही. कड प्रकाशाकडे धरून बघा. मधे बारीक रेघ दिसली तर ती दोन आहेत. वेगळी करताना बोटाने ओढू नका, पाठीवर, म्हणजे सपाट बाजूवर, बोट ठेवून एकमेकांवरून सरकवा.

जुन्या लुगड्यांची, सुती साड्यांची गोधडी करणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. वीस-पंचवीस वर्षं धुतलेलं कापड इतकं सैल झालेलं असतं की धागे धारेसमोरून बाजूला सरकतात. तिथे ब्लेडचा काही दोष नसतो. पातळ खळ द्या, ओलसर असतानाच इस्त्री फिरवा, आणि मग कापा. त्याच ब्लेडने तेच कापड सरळ कापलं जातं. जरीचा काठ मात्र आधी कात्रीने वेगळा करा. त्यात धातूची तार असू शकते आणि ती धारेला खाचा पाडू शकते. जुन्या वाकळीतून काढलेल्या कापडावरून कटर फिरवण्याआधी तळहात नाही, लोहचुंबक फिरवा. तुटक्या सुईचं टोक आत राहिलेलं असतं.

हे सगळं नीट असूनही धागे सुटतात, अंतर १४ चं येतं किंवा रेषाभर सुटतात, तेव्हा ब्लेड काढून भिंगाखाली घ्या. दहापट मोठं दाखवणारं, घड्याळजी वापरतात तसलं भिंग पुरतं. टेबलाचा दिवा समोर ठेवा आणि ब्लेडची कड थेट आपल्याकडे करा. चांगली धार दिसतच नाही. तिथे काळी रेषा असते, कारण प्रकाश परतवायला तिच्यावर जागाच नसते. बोथट झालेली जागा पांढरी चमकते. खाच असेल तर काळ्या रेषेत एक ठिपका लखलखतो. चपटा भाग असेल तर केसाएवढी चमकती पट्टी चार-पाच सेंटिमीटर चालत जाते. ब्लेड हळूहळू फिरवत पूर्ण फेरा बघा आणि दोषाच्या जागी पाठीवर मार्करने खूण करा. भिंग नसेल तर कापसाचा बोळा ब्लेडच्या मध्याकडून कडेकडे हलकेच न्या. खाचेत तंतू अडकतात. बोळा धारेच्या लांबीने कधीही फिरवू नका.

आता निर्णय. खाच नुसत्या डोळ्यांना दिसत असेल तर ते ब्लेड कापडासाठी संपलं. त्यामागचा हिशेब सरळ आहे. खाच ०.२ मिलिमीटर खोल असेल तर ती घालवण्यासाठी संपूर्ण गोल कड ०.२ मिलिमीटरने आत आणावी लागेल, आणि मग दोन्ही बाजूंचा उतार नव्याने घडवावा लागेल. हाताने ते तासन्‌तासांचं काम आहे, आणि गोलाई बिघडण्याची शक्यता जास्त. फक्त खाचेपाशी घासलं तर खाचेच्या जागी सपाट भाग तयार होतो, म्हणजे टिंबाचा पट्टा झाला. असं ब्लेड कागदी नमुने आणि प्लॅस्टिकचे साचे कापायला ठेवा. एकसारखं बोथट झालेलं आणि खाच नसलेलं ब्लेड मात्र दोन-तीनदा तरी परत आणता येतं.

त्याआधी साफसफाई करून बघा. चिकट बकरम कापलं असेल, फवारायचा डिंक वापरला असेल, तर धारेवर पातळ लेप बसतो आणि ब्लेड बोथट असल्यासारखंच वागतं. सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापडाने मध्याकडून कडेकडे पुसा. फॉइल कापल्यावर ब्लेड सुधारलं असं जे सांगतात, त्यातलं बरंचसं श्रेय हा लेप निघण्याला आहे. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा खूप मऊ असतं. ते पोलाद झिजवून धार काढू शकत नाही. धारेवर वळलेली अतिबारीक कड, जिला कारखान्यात बर म्हणतात, ती थोडी सरळ होते आणि चार-सहा कापांपुरतं बरं वाटतं. तेवढ्यापुरती फॉइल ठीक आहे, जास्त अपेक्षा ठेवू नका.

सायकलवर सहाण घेऊन फिरणाऱ्या धारवाल्याला सुरी-विळी खुशाल द्या, हे ब्लेड देऊ नका. सहाणेवर सुरीचा जाड पाठीचा भाग उष्णता ओढून घेतो. ०.३ मिलिमीटरच्या पत्र्याला तशी पाठ नसते, आणि धार काही क्षणांत तापते. पोलादावर पिवळसर, मग निळसर झाक आली की त्याचा कडकपणा उतरला. दिसायला धार लखलखीत असते, पण दोन-चार मीटर कापडात पुन्हा बसते.

बाजारात मिळणारी हाताने फिरवायची धार-डबी वापरायची असेल तर ब्लेड आधी पुसून कोरडं करा, हलका दाब द्या, प्रत्येक बाजूने आठ-दहा फेरे पुरेत. जोर लावला तर ब्लेड वाकतं आणि डबीतला खरखरीत थर कडेपर्यंत पोचतच नाही. ही डबी किंचित उतरलेली धार परत आणते. पूर्ण बसलेल्या धारेला तिचा उपयोग कमीच होतो.

त्यापेक्षा चांगलं काम बॅटरीवरच्या ड्रिलने होतं, कारण ब्लेड स्वतःभोवती फिरत असल्याने गोलाई टिकते. बॅटरीवरचाच ड्रिल हवा, पाणी वापरायचं असल्याने वायरचा नको. लागणारं सामान असं: ८ मिलिमीटरचा पूर्ण आटे असलेला बोल्ट, साधारण ५० मिलिमीटर लांब. ४५ च्या ब्लेडचं मधलं भोक ८ मिलिमीटरचंच असतं, त्यामुळे तो बरोबर बसतो. दोन मोठे वायसर, २५ ते ३० मिलिमीटर व्यासाचे. दोन नट. १००० आणि २००० नंबरचा वॉटर पेपर, जो गाड्या रंगवणाऱ्यांकडे असतो. आइसक्रीमच्या काडीसारख्या दोन सपाट लाकडी काड्या. जाड मार्कर. लाकडी फळीवर चिकटवलेला जुन्या चामडी पट्ट्याचा तुकडा आणि पॉलिशवाले वापरतात तो हिरवा लेप. शिलाई मशीनचं तेल.

ब्लेडच्या दोन्ही बाजूंना वायसर देऊन बोल्टवर नटांनी आवळा आणि बोल्टची मोकळी बाजू ड्रिलमध्ये धरा. ड्रिल टेबलाला शिकंज्याने बांधा. तो हातात धरून हे काम करायचं नाही. बटण हळूच दाबून बघा. ब्लेडची कड डुलताना दिसली तर उघडून परत बसवा. डुलतं ब्लेड घासलं तर धार एका बाजूला जास्त झिजेल.

दोन्ही बाजूंचे उतार मार्करने काळे करा. उतार म्हणजे कडेलगतची जेमतेम मिलिमीटरभर रुंद पट्टी. धार किती अंशांची हवी असं पुष्कळ जण विचारतात, पण कंपनीगणिक उतार बदलतो, म्हणून आकड्यापेक्षा काळी शाई खात्रीची. काडीवर १००० चा कागद गुंडाळून चिकटवा, पाण्यात बुडवा, ड्रिल सगळ्यात हळू वेगावर चालवा आणि काडी उतारावर फक्त टेकवा. दोन सेकंदांनी थांबवून बघा. शाई फक्त आतल्या काठाची गेली असेल तर काडी फार सपाट धरली आहे. फक्त अगदी कडेची गेली असेल तर काडी फार उभी आहे, आणि अशी धार जाड राहील, कापायला जोर लागेल. पूर्ण पट्टीची शाई एकसारखी जाते तो कोन तुमच्या ब्लेडचा. मनगट टेबलावर टेकवून तोच धरून ठेवा.

काडी अशा बाजूने लावा की फिरणारी कड काडीच्या टोकाकडून सुटून जाईल, काडीत घुसणार नाही. ही गोष्ट चुकली तर कागद फाटतो आणि काडी उडते. डोळ्यांवर चष्मा, केस बांधलेले, ओढणी-पदर खोचलेला, बांगड्या काढलेल्या, आणि ब्लेडच्या समोरासमोर कोणी उभं नाही, एवढं बघूनच बटण दाबा. हातमोजे नकोत, फिरत्या ब्लेडमध्ये कापड अडकतं.

एका बाजूला १५ ते २० सेकंद, मग ब्लेड बोल्टवर उलटं बसवून दुसऱ्या बाजूला तेवढेच. मधे पाण्याचे थेंब देत राहा. पुन्हा शाई लावून २००० च्या कागदाने तसंच. दोन्ही बाजूंना वेळ सारखा द्या. एका बाजूला जास्त घासलं तर धार मध्यापासून सरकते आणि कटर पट्टीपासून दूर किंवा पट्टीच्या अंगावर जाऊ लागतो. भिंगाखाली पांढरी रेषा अजून दिसत असेल तर १००० वर परत जा. २००० ने तासभर घासूनही ती जाणार नाही.

ड्रिलवर घासलेल्या धारेत एक कमतरता राहते. कागदाचे ओरखडे धारेच्या लांबीने उमटतात आणि कडेवर बर उरतो. कापडाला दात लागतात ते धारेला आडव्या ओरखड्यांचे. म्हणून शेवट चामड्यावर. ब्लेड बोल्टवरून काढा, मधल्या भागावर दुहेरी चिकटपट्टीने बुचाचा तुकडा लावा म्हणजे धरायला मूठ मिळते. इथे चुंबक वापरू नका. ब्लेडमध्ये चुंबकत्व उतरतं, मग टाचण्या आणि लोखंडाचा कीस त्याला चिकटू लागतो. चामड्यावर हिरवा लेप घासा, उतार चामड्यावर टेकवा आणि धार मागे राहील अशा दिशेने ओढा, म्हणजे कड चामडं कापणार नाही. प्रत्येक ओढीनंतर ब्लेड थोडं फिरवा, आठ ओढींत एक फेरा पूर्ण होईल असं. प्रत्येक बाजूला दोन फेरे, आणि शेवटचा एक-एक फेरा बाजू बदलत.

पाण्याने धुवा, टिशूने मध्याकडून कडेकडे पुसा, वायसरच्या बाजूला तेलाचा एक थेंब लावा. मग नको असलेल्या चिंधीवर दोन-तीन काप घ्या म्हणजे जास्तीचं तेल आणि उरलेली काळी पूड तिथेच निघेल. फिक्या कापडावर ही पायरी चुकवली तर करडी रेघ पडते.

चाचणीसाठी कॅम्ब्रिकचे, म्हणजे पातळ सुती कापडाचे, चार पदर घ्या, ३० सेंटिमीटरहून लांब, म्हणजे ब्लेडचे दोन फेरे तरी होतील. हाताचा नेहमीचा दाब, एकच काप. सगळ्यात खालचा पदर उचलून बघा, खरा निकाल तिथेच लागतो. वरचे तीन साफ आणि चौथ्याचे धागे रेषाभर राहिले तर धार अर्धवट आली आहे, २००० आणि चामडं पुन्हा. चौथ्यात फक्त दर १४ सेंटिमीटरला धागा राहतो आहे, तर भिंगातून निसटलेली खाच आहे. ते ब्लेड दोन पदरांसाठी चालेल, चारसाठी नाही. कटर कलता धरला तरी खालचा पदर वरच्याच्या मापाचा निघत नाही. ती चूक हाताची आहे, धारेची नाही.

नागमोडी आणि कातरकाठी ब्लेडांना यातला कुठलाच उपाय लागू नाही. त्यांचा उतार सपाट काडीला सापडत नाही.

धार लावलेलं ब्लेड किती टिकेल हे तुम्ही काय कापता त्यावर आहे. कागदात चिनी माती आणि कॅल्शियम कार्बोनेटसारखी खनिजं भरलेली असतात, म्हणून कागदाने धार झपाट्याने जाते. तीच गत खडी छपाईच्या कापडाची. हाताला जाडसर लागणारा तो पांढरा रंग टायटॅनियम डायऑक्साइडचा असतो, कडक खनिजाचा. खडीचं कापड जुन्या ब्लेडने आधी कापून घ्या, साधं सुती नव्या धारेने. सगळ्यात मोठा शत्रू मात्र टाचणीच. पट्टीच्या कडेपासून दोन इंचांच्या आत टाचणी ठेवायचीच नाही, हा नियम पाळला तर बऱ्याच खाचा पडणारच नाहीत.

कोकणात, मुंबईत पावसाळ्यात ब्लेड नुसतं कटरमध्ये राहिलं तरी गंजतं. बोटांच्या घामातलं मीठ त्यात भर घालतं. धारेवर गंजाचे सूक्ष्म खड्डे पडले की धागे रेषाभर सुटू लागतात आणि न वापरलेलं ब्लेड बोथट निघालं असं वाटतं. जूनच्या आधी कटर उघडून ब्लेडला दोन्ही बाजूंनी मशीनच्या तेलाचा पुसट हात द्या, सुटी ब्लेडं घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. धार लावलेल्या ब्लेडच्या पाठीवर मार्करने एक रेघ मारा, दुसऱ्यांदा लावली की दुसरी. तिसरी रेघ पडली की ते कागदाच्या कटरमध्ये घाला.

पूर्ण संपलेलं ब्लेड कचऱ्यात तसंच टाकू नका. कचरा हाताने वेगळा करणाऱ्या बाईच्या तळहाताला ते काय करतं याचा विचार करा. औषधाच्या गोळ्यांचा पत्र्याचा डबा घ्या, झाकणाला ब्लेड जाईल एवढी फट पाडा आणि झाकण चिकटपट्टीने कायमचं बंद करा. डबा भरला की फटही बंद करा, वर ठळक अक्षरांत ‘धारदार ब्लेड’ लिहा आणि भंगारवाल्याच्या हातात सांगून द्या.